क्लोंडाइकच्या सोन्यामागे गेलेली माणसं दिवसभर नेमकं काय करायची?

शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "सोन्याची बातमी फुटली की हजारो माणसं दूरदेशी धावायची, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. शेजारी चित्र, त्यात नदीकाठी परात घेऊन बसलेला दाढीवाला. पण ही माणसं दिवसभर करायची काय? खायची काय? आणि एवढं सोनं निघालं, तर बहुतेक जण कफल्लक होऊन का परतले?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. ती माणसं हमाली करायची. ओझी वाहायची, झाडं तोडायची, आग पेटवायची, चिखल उपसायची. सोनं डोळ्यांना दिसायचं ते वर्षातले थोडे आठवडे, तेही ज्याच्या जमिनीत ते होतं त्याला. चित्रातली परात खरी आहे. पण सोनं परातीने काढत नसत, आहे की नाही ते परातीने बघत. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच तिचं काम.

मी भूवैज्ञानिक. नोकरीची पहिली वर्षं रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणपट्ट्यात गेली. तिथलं सोनं कठीण खडकातल्या शिरांमध्ये असतं. पुढे कॅनडातल्या युकॉन प्रदेशात काही उन्हाळे नदीगाळातल्या सोन्यावर काम केलं, डॉसन गावाजवळच्या त्याच ओढ्यांवर, जिथे १८९६ साली क्लोंडाइकची झुंबड सुरू झाली. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियातही अशा झुंबडी झाल्या, पण जी माती मी स्वतः धुतली आहे तिच्याबद्दलच बोलतो.

आधी तारखा बघा, सगळी मेख तिथे आहे. ऑगस्ट १८९६ च्या मध्याला रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. सापडलं ते चौघांना: कीश, ज्याला लोक स्कूकम जिम म्हणत, त्याची बहीण शाव त्ला, म्हणजे केट, त्यांचा भाचा डॉसन चार्ली, आणि केटचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. पहिला कण कोणाला दिसला यावर आजही तिथल्या गप्पांत वाद होतात. शोधाचा हक्क मात्र कारमॅकच्या नावावर लागला, कारण मूलनिवासी माणसाच्या नावाने तो कोणी मानणार नाही असं त्यांना वाटलं. रॅबिट क्रीकचं नाव बोनान्झा झालं. आसपासच्या नद्यांवर आधीपासून सोनं शोधत फिरणारे जुने लोक धावत आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी बोनान्झाचे तुकडे वाटून घेतले. मग त्याला मिळणाऱ्या एल्डोराडो ओढ्याचेही वाटून घेतले. तो तर बोनान्झाहूनही श्रीमंत निघाला. अशा एका तुकड्याला क्लेम म्हणत. ओढ्याच्या लांबीवर ५०० फूट, एका माणसाला एकच, शोध लावणाऱ्याला दोन.

बाहेरच्या जगाला हे कधी कळलं? १८९७ च्या जुलैत. एक्सेलसियर ही बोट सॅन फ्रान्सिस्कोला आणि पोर्टलंड सिअॅटलला लागली, आणि त्यांतून सोन्याची गाठोडी घेऊन माणसं उतरली. अमेरिकेत १८९३ पासून मंदी होती, बँका बुडालेल्या, कारखाने बंद. लोकांनी नोकऱ्या टाकल्या, दुकानं विकली आणि निघाले. निघालेल्यांचा सर्वसाधारण अंदाज एक लाखाचा आहे. त्यांतले ३० ते ४० हजार पोचले, आणि त्यांतले बहुतेक १८९८ च्या जूनमध्ये. तोवर चांगल्या ओढ्यांवरचा एकेक फूट कोणाच्या ना कोणाच्या नावावर होऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

आता ते घोडं वाटेत काय करत होतं ते सांगतो, कारण बहुतेकांच्या वाट्याला आलेली सोन्याची झुंबड म्हणजे ही वाटच.

अलास्काच्या किनाऱ्यावर डाये नावाच्या जागी बोटीतून उतरायचं आणि चिलकूट खिंड ओलांडून बेनेट तलावापर्यंत जायचं. अंतर ५३ किलोमीटर. आपला माणूस म्हणेल, दोन दिवसांचा ट्रेक. पण आदल्या वर्षी डॉसनमध्ये उपासमारीची वेळ आली होती, म्हणून कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर ठाणं मांडलं आणि वर्षभराचं अन्न बरोबर नसेल त्याला परत पाठवायला सुरुवात केली. पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, घेवड्याच्या वाळक्या बिया, साखर, वाळवलेली फळं. त्यात तंबू, करवत, कुऱ्हाड, फावडं, खिळे, शेगडी. सगळं मिळून माणशी सुमारे ९०० किलो.

३० किलोचं ओझं धरलं तर ३० खेपा झाल्या. एक टप्पा ओझं न्यायचं, ठेवायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा उचलायचं. सगळं पाठीवरून नेलं तर ५३ किलोमीटरची वाट तीन हजार किलोमीटरच्या वर जाते. सपाटीवर बर्फातून स्लेज ओढता यायची, तेवढं कमी. पैसेवाले टिंगिट या तिथल्या मूलनिवासी लोकांना हमालीवर लावत. ही खिंड मुळात त्यांचीच व्यापाराची वाट होती आणि दर ठरवण्यात ते पक्के होते. शेवटचा चढ सर्वांत वाईट. बर्फात खोदलेल्या सुमारे १५०० पायऱ्या आणि त्यांवर एकामागोमाग एक माणसांची काळी रांग. दम लागला म्हणून कोणी बाजूला झाला तर पुन्हा रांगेत शिरायला तास-तास लागायचे. माथ्यावर ओझं टाकलं की बुडावर बसून घसरत खाली, आणि पुढची खेप. ३ एप्रिल १८९८ ला याच वाटेवर हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गेली. शेजारची व्हाइट पासची वाट घोड्यांसाठी चांगली अशी जाहिरात होती; त्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडी मेली.

व्हाइट पासच्या पायथ्याचं स्कॅगवे गाव ठगांचं होतं. सोपी स्मिथ नावाच्या म्होरक्याने तिथे चक्क तार ऑफिस काढलं होतं. पाच डॉलर द्या, घरी खुशालीची तार पाठवा. घरून उत्तरही यायचं, बहुधा पैसे मागणारं. गावात तारेची लाइनच आली नव्हती. आपल्याकडच्या फोनवरून लुटणाऱ्यांना हा माणूस गुरुस्थानी शोभला असता. जुलै १८९८ मध्ये तो गोळीबारात मेला.

बेनेट तलावाशी पोचल्यावर हमाली संपायची आणि सुतारकाम सुरू व्हायचं. होडी स्वतः बांधायची. लाकडाचा ओंडका उंच मांडवावर ठेवून एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि लांब करवत दोघांनी ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याची कंबर मोडलेली, आणि रेघ वाकडी गेली की दोष समोरच्याचा. जिवाभावाच्या दोस्त्या तुटल्या त्या इथे. भांडून वेगळं होताना लोकांनी होडी मधोमध कापली, तवासुद्धा कापून वाटून घेतला, असे किस्से सांगतात. २९ मे १८९८ ला तलावाचा बर्फ फुटला आणि सुमारे सात हजार होड्या एकदम निघाल्या. पुढे युकॉन नदीवरच्या खळाळात होड्या फुटल्या, माणसं बुडाली, तेव्हा सॅम स्टील या पोलीस अधिकाऱ्याने नियम केला की होडी जाणत्या नावाड्यानेच न्यायची आणि बायकामुलांनी काठाने चालत जायचं. सुमारे ८०० किलोमीटरचा नदीप्रवास करून डॉसन.

आणि डॉसनला उतरून? पुष्कळ जण चिखलाच्या रस्त्यांवरून नुसते फिरत राहिले. सामान विकलं आणि परतीची बोट धरली. ओढ्यावर न जाताच परत गेलेले कितीतरी होते. याचं मला सुरुवातीला आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. त्या खिंडीनंतर माणसात काही उरतच नसेल.

ज्याच्याकडे क्लेम होता, किंवा जो क्लेमवर मजूर म्हणून लागला, त्याचं काम मी जास्त खोलात सांगतो, कारण पुस्तकांत हेच वगळलेलं असतं.

सोनं वाळूपेक्षा कितीतरी जड. वाळूची घनता अडीच-पावणेतीन, शुद्ध सोन्याची एकोणीस. नदीच्या गाळात ते खाली खाली सरकतं आणि तळखडकावर, त्याच्या फटींत जाऊन बसतं. म्हणजे खरा माल तळाशी. क्लोंडाइकच्या ओढ्यांत तळखडकावर पाच-दहा मीटर माती आणि खडी, आणि ती सगळी कायमची गोठलेली. वरचा थर म्हणजे काळा गोठलेला चिखल, त्यात मॅमथची हाडंही सापडतात. कुदळ मारा, ठिणगी उडेल, माती हलणार नाही. उन्हाळ्यात वरचा भाग वितळतो पण मग खड्ड्यात पाणी भरतं आणि कडा ढासळतात. म्हणून खणायचं हिवाळ्यात.

कसं? संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी लाकडं रचून आग लावायची. रात्रभर ती धुमसते. सकाळी राख आणि वितळलेली माती उपसायची. एका आगीला फूटभर खोली मिळाली तर नशीब. पुन्हा लाकडं, पुन्हा आग. तळखडक लागेपर्यंत असे कित्येक आठवडे. एक जण खाली धुरात बादली भरतो, दुसरा वर उणे ४० अंशांत लाकडी रहाट फिरवून ती वर ओढतो. खालच्याला धुराने घेरी, वरच्याची बोटं बधिर. पारा उणे ३९ ला गोठतो, त्यामुळे कडक थंडीत पाऱ्याचा थर्मामीटर कामाचाच राहत नाही. आगीसाठी आणि बांधकामासाठी इतकी झाडं तोडली की त्या काळच्या फोटोंत बोनान्झाच्या दोन्ही बाजूंचे डोंगर उघडेबोडके दिसतात. मी गेलो तेव्हा झाडं पुन्हा वाढलेली होती, पण काठीसारखी. त्या थंडीत झाड वाढायला पिढ्या जातात.

तळ लागला म्हणजे सोनं लागलं असंही नाही. जुन्या प्रवाहाने सोनं एका अरुंद पट्ट्यात टाकलेलं असतं, आणि तो पट्टा आजच्या ओढ्याच्या खालीच असेल असं काही नाही. खड्डा पट्ट्याच्या दहा फूट बाजूला पडला तर महिनाभराची मेहनत पाण्यात. मग तळाशीच आडवा बोगदा काढायचा, तोही आगीनेच. आमच्याकडे ड्रिलिंगचं यंत्र होतं, नकाशे होते. तरीही कोरडी भोकं पडायची आणि संध्याकाळी जेवताना कोणी बोलायचं नाही. त्यांच्याकडे तर फक्त अंदाज होता.

हिवाळाभर उपसलेल्या खडीचा ढीग क्लेमवर साचत जायचा, गोठलेला. त्यात किती सोनं आहे ते मालकालाही माहीत नसायचं. अधूनमधून बादलीभर खडी झोपडीत आणून शेगडीजवळ वितळवायची आणि परातीत धुऊन बघायची. एवढाच परातीचा उपयोग. मग मे महिन्यात बर्फ वितळला, ओढ्याला पाणी आलं, की लाकडी पन्हळ मांडायची. तिच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वरून पाणी सोडायचं, ढिगातली खडी फावड्याने टाकायची. हलकं वाहून जातं, सोनं पट्ट्यांच्या आड अडकतं. बारीक कण धरायला पारा वापरत, पुढे तो तापवून उडवत; त्या वाफेने किती जणांचं नुकसान केलं असेल देव जाणे. काही दिवसांनी पाणी बंद करून पट्ट्या काढायच्या. वर्षभराची कमाई कळायची ती त्या दिवसांत. त्यांतून मजुरी, उधारी आणि सरकारची १० टक्के रॉयल्टी जाऊन जे उरेल ते आपलं.

एक गंमत सांगायची राहिली. नवखे लोक, ज्यांना तिथे चीचाको म्हणत, ओढ्यात जागा नाही म्हणून डोंगरउतारावर खणू लागले. जुने लोक हसले: सोनं नदीत असतं, डोंगरावर कसं असेल? पण लाखो वर्षांपूर्वी ती नदी त्या उंचीवरून वाहत होती. नंतर तिने दरी खोल कापली आणि जुनं पात्र वर टांगलेलं राहिलं, पांढऱ्या खडीचं. नवख्यांना तिथे घबाड मिळालं. त्यांतल्या एका टेकडीचं नावच चीचाको हिल आहे.

स्वतःचा क्लेम नसेल तर एक मार्ग अर्धेलीचा. आपल्याकडे जमीन अर्धेलीने कसायला देतात तसाच. मालक क्लेमचा तुकडा द्यायचा, कष्ट कसणाऱ्याचे, सोन्यात वाटा. बिग अॅलेक्स मॅकडोनाल्ड असाच क्लेमांमागून क्लेम घेत आणि वाट्याने कसायला देत क्लोंडाइकचा राजा झाला. १९०९ साली एका ओढ्याकाठच्या झोपडीत तो एकटा आणि कफल्लक मेला. मोजणीच्या चुकांतून दोन क्लेमांमध्ये फटी राहत. सरकारी मोजणीदाराच्या हाताखाली साखळी धरणाऱ्या डिक लोला अशी शंभर फुटांहून अरुंद फट मिळाली. त्याने ती आधी विकायचा प्रयत्न केला, कोणी घेईना. जगातल्या सर्वांत श्रीमंत जमिनींत पुढे तिची गणना झाली.

राहणं-खाणं. ओंडक्यांची एक खोली, छपरावर शेवाळ आणि माती, खिडकीला काच म्हणून रिकाम्या बाटल्या उभ्या रचलेल्या. डिसेंबरात उजेड चारेक तास. दोन किंवा तीन माणसं त्या खोलीत सात महिने. जेवण तेच: पाव, घेवडा, खारवलेलं मांस. पावासाठी आंबवलेल्या पिठाचं मडकं जिवापाड जपायचं, थंडीत अंथरुणात घेऊन झोपायचं. विरजण तुटलं तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो, तिथे शेजारी कित्येक मैलांवर. म्हणूनच हिवाळा काढलेल्या जुन्या माणसाला सावरडो, म्हणजे आंबट पीठ, हेच नाव पडलं. भाज्या नसल्याने स्कर्व्ही: हिरड्या सुजतात, दात हलतात, पाय काळे पडतात. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या पानांचा काढा करून पीत त्यांना आराम पडायचा. उन्हाळ्यात दलदलीवर वसलेल्या डॉसनमध्ये टायफॉइड. आणि डास. डासांबद्दल मी स्वतःच्या अनुभवावर पानभर लिहू शकतो, पण ते छापण्यासारखं होणार नाही.

गावात नाण्यांपेक्षा सोन्याची भुकटीच जास्त चालायची. प्रत्येक दुकानात तराजू. औंसाला, म्हणजे साधारण पावणेतीन तोळ्यांना, १६ डॉलर. शुद्ध सोन्याचा अधिकृत भाव होता २०.६७. फरक का, हे सोनाराला लगेच कळेल: तिथल्या सोन्यात बरीच चांदी मिसळलेली असते, शिवाय भुकटीत काळी वाळू राहते, मुद्दाम घातलेलीही. तोलताना सांडणारे कण दारूच्या गुत्त्यांत जमिनीवरच्या भुशात पडत आणि तो भुसा धुऊन काही जण रोजी कमावत. कोल्हापूरच्या गुजरीत झारेकरी सराफांच्या दारातली माती धुतात, अगदी तेच. मला तर वाटतं, डॉसनमधला सर्वांत शहाणा खाणकामगार तोच.

तितकीच शहाणी बेलिंडा मलरूनी. गाळ न उपसता तिने गरम पाण्याच्या बाटल्या आणि कापड आणून विकलं, मग ओढ्यांच्या संगमावर खाणावळ काढली. खाणकामगारांच्या गप्पांतून कोणता क्लेम कसा आहे ते तिला ताटाताटांवर कळायचं, आणि त्यावर तिने क्लेमही घेतले.

हे सगळं कोणाच्या दारात चाललं होतं? क्लोंडाइक नदीच्या मुखाशी ट्रोन्डेक ह्वेचिन या मूलनिवासी लोकांची सॅमन मासे धरण्याची जागा होती. झुंबडीत ती गेली. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी लोकांना पाचेक किलोमीटर खाली मूसहाइड इथे नेलं. एवढ्या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ते अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिले. शंभरेक वर्षांनी ती गाणी परत आणली गेली. मी ती मूसहाइडला ऐकली आहेत. २०२३ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला, तो या लोकांच्या नावासकट.

१८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कात नोम इथे समुद्राच्या पुळणीतच सोनं असल्याची बातमी आली आणि डॉसनमधून हजारो माणसं काही दिवसांत निघून गेली. ओढ्यांत नंतर तरंगती अवाढव्य यंत्रं आली. त्यांनी मागे टाकलेले गोट्यांचे नागमोडी ढीग आजही दरीभर पडले आहेत.

बाई, तुमच्या वर्गासाठी एक सुचवतो. सायकलच्या बेअरिंगमधल्या दहा-बारा गोळ्या वाळूत मिसळा, स्टीलची परात आणि बादलीभर पाणी द्या. परात किंचित कलती धरून गोल हलवली की गोळ्या तळाशी राहतात. मुलांचा हात दहा मिनिटांत बसतो आणि सगळ्यांना वाटतं की आपण सोनं शोधायला जावं. मग त्याच वाळूची अर्धी पाटी प्रत्येकाला तळमजल्यावरून गच्चीवर न्यायला लावा. तीस खेपा नको, तीनच. पालकांची तक्रार आली तर माझं नाव सांगा.